इच्छा मारायची नाही, मग तिचं करायचं काय?

एका ताईंनी विचारलं आहे. कबालाच्या, म्हणजे यहुदी गूढविद्येच्या, अभ्यासाला लागून त्यांना बराच काळ झाला. इथे इच्छा मारत नाहीत, दुरुस्त करतात, असं ऐकून त्या आल्या होत्या. आता मात्र सासूबाईंशी बोलताना, ऑफिसात, मुलाचा अभ्यास घेताना, जिथे बघावं तिथे त्यांना स्वतःचा स्वार्थच दिसतो. 'याआधी मी बरी होते,' असं त्या लिहितात. साधना चुकतेय का, रोज नेमकं करायचं काय, आणि हे आपल्याकडच्या निष्काम कर्माहून वेगळं कसं, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. साधना चुकत नाहीये. जे दिसतंय ते दिसायलाच हवं होतं. फक्त तुम्ही दिवसभर तेवढंच बघत बसला आहात असं पत्रावरून वाटतं, आणि तिथे बदल करायला हवा. त्याकडे पुढे येतो.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी समाजातला, मूळचा अलिबागकडचा, आता इस्रायलमध्ये राहतो. रव, म्हणजे धर्मगुरू, येहुदा अश्लग यांच्या परंपरेत शिकलो आणि बरीच वर्षं नव्याने येणाऱ्यांबरोबर बसतो. म्हणून इथे जे लिहितोय ते त्या परंपरेतलं आहे हे लक्षात ठेवा. कबाला एकसुरी नाही. १६ व्या शतकात गालीलच्या डोंगरातल्या त्स्फात गावी रव यित्झाक लुरिया, म्हणजे आरी, जेमतेम दोन वर्षं शिकवून १५७२ मध्ये गेले. स्वतः त्यांनी फारसं लिहिलं नाही. त्यांचं म्हणणं शिष्य खाईम विताल यांनी उतरवून ठेवलं. त्यात प्रकाश आहेत, तो धरणारी पात्रं, म्हणजे भांडी आहेत, पात्रांचं फुटणं आहे, विखुरलेल्या ठिणग्या आहेत. ही सगळी भाषा माणसाच्या आतल्या इच्छेची आहे, असं उलगडून दाखवण्याचं काम १९२० च्या दशकात पोलंडहून जेरुसलेमला आलेल्या अश्लग यांनी केलं. ते १९५४ मध्ये वारले. जोहार या कबालाच्या मुख्य ग्रंथावरच्या त्यांच्या 'सुलाम' या भाष्यामुळे लोक त्यांना बाल हासुलाम म्हणतात. त्यांचे चिरंजीव रव बारूख अश्लग, आम्ही ज्यांना रबाश म्हणतो, त्यांनी १९८४ पासून छोटे छोटे लेख लिहिले आणि ही साधना चार माणसांनी एकत्र बसून कशी करायची ते सांगितलं. मी जे सांगेन त्यातलं बहुतेक या दोघांचंच.

आता मुद्द्याचं. या परंपरेत निर्मिती म्हणजे एकच वस्तू आहे: घेण्याची इच्छा, रात्सोन लेकाबेल. निर्मात्याला द्यायचं होतं, म्हणून त्याने घेणारा घडवला. भूक, पैशाची ओढ, मानाची हाव, जाणून घेण्याची तहान, ही सगळी त्या एकाच इच्छेची रूपं. तेव्हा इच्छा हे पाप नाही. ती तुम्ही निर्माण केलेली नाही, आणि ती काढून टाकली तर तुम्हीच उरत नाही. अडचण वेगळीच आहे. देणारा फक्त देतो आणि घेणारा फक्त घेतो, म्हणून दोघांचा स्वभाव एकमेकांच्या उलट. अध्यात्मात अंतर मैलांनी मोजत नाहीत, स्वभावाच्या सारखेपणाने मोजतात. मी जितका स्वतःसाठी, तितका त्याच्यापासून लांब. आणि घेणाऱ्याला घेताना लाजही वाटते. जेरुसलेमच्या तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी ऋषींच्या चर्चांच्या प्राचीन ग्रंथात, म्हटलंय की दुसऱ्याचं खाणारा त्याच्या तोंडाकडे बघायला लाजतो. कबालात या लाजेला 'लाजेची भाकर' म्हणतात, आणि सगळी दुरुस्ती तिच्यापासून सुटका व्हावी म्हणून आहे.

मग घेणारा घेणाराच राहून देणारा कसा होणार? यासाठी अश्लग यांनी कबालाच्या आपल्या प्रस्तावनेत पाहुण्याची गोष्ट दिली आहे, ती नीट बघू, कारण आमची रोजची साधना हिच्यावरच चालते. एक जण मित्राकडे जातो. पोटात भूक आहे. समोर ताट वाढलेलं, सगळं त्याच्या आवडीचं. तरी तो म्हणतो, 'नको, भूक नाही.' फुकट खायची लाज वाटते. मित्र आग्रह करतो. पाहुणा पुन्हा नको म्हणतो. मित्र आणखी आग्रह करतो, अगदी गळ घालतो, आणि होता होता पाहुण्याच्या लक्षात येतं की आपण जेवलो नाही तर याला खरंच वाईट वाटेल, जेवलो तर याचं समाधान होईल. तेव्हा तो पानावर बसतो. जेवण तेच, भूक तीच, चवही तीच. पण आता तो यजमानावर उपकार करतोय.

यात दोन गोष्टी हव्यातच. भूक हवी. पोट भरलेला माणूस कितीही प्रेमाने बसला तरी यजमानाला समाधान देऊ शकत नाही. आणि नकार हवा. नकाराशिवाय ताटावर बसला तर तो नुसता खाणारा. भूक आणि नकार एकत्र आले की एक नवं पात्र तयार होतं, जे आधी कुठेच नव्हतं. या नकाराला मासाख, म्हणजे पडदा म्हणतात, आणि स्वतःसाठी न घेण्याच्या मूळ निश्चयाला त्सिम्त्सूम, म्हणजे आकसून घेणं.

पुढचा तपशील बहुतेक ठिकाणी गाळतात, पण साधना करणाऱ्याला तोच सगळ्यात उपयोगी पडतो. पाहुणा सगळं ताट संपवत नाही. तो आधी हिशेब करतो: यातलं किती मी त्याच्यासाठी म्हणून खाऊ शकेन? समजा, आमटी-भात यजमानाची आठवण ठेवून खाता येईल, पण गोड समोर आलं की यजमानाचं भानच सुटेल. मग आमटी-भात घ्यायचा, गोड राहू द्यायचं. आरींच्या ग्रंथांतल्या प्रत्येक आध्यात्मिक देहाची, पार्त्सूफची, रचना अशीच आहे. डोक्यात हिशेब होतो, धडात तेवढंच घेतलं जातं, आणि शेवटचा भाग मुद्दाम रिकामा ठेवला जातो. तो रिकामा भाग ठेवण्यात कमीपणा काही नाही. उलट तो ठेवता येणं हेच पडदा खरा असल्याचं लक्षण.

ताई, तुमची जी दमछाक झाली आहे ती मला वाटतं इथे आहे. तुम्ही सगळं ताट एकदम दुरुस्त करायला निघालात. सासूबाई, ऑफिस, मुलगा, सगळं एकाच झटक्यात, आणि कशातही स्वार्थ दिसला की हरल्यासारखं वाटतं. ज्यात आज देण्याचा हेतू टिकेल असं एकच नातं, एकच प्रसंग घ्या. बाकीचं आज रिकामं राहू दे. त्यात नेहमीच्या सभ्यतेने वागा, कर्तव्य करा, आणि त्याचा आध्यात्मिक हिशेब मांडू नका.

तर दुरुस्त होतो तो हेतू, आमच्या भाषेत कवाना. इच्छा जागच्या जागी राहते, ती कोणासाठी वापरली जाते ते बदलतं. मुलाचा अभ्यास घेणं हे बाहेरून एकच काम दिसतं. आत मात्र 'त्याला गणित यावं' हा एक हेतू असू शकतो, 'पालकसभेत माझी मान खाली जाऊ नये' हा दुसरा. दुसरा हेतू सापडला म्हणून अभ्यास घेणं सोडायचं का? मुळीच नाही. तालमूदच्या ऋषींनी यासाठी वाट आखून दिली आहे: माणसाने काम करत राहावं, हेतू शुद्ध नसला तरीही, कारण अशुद्ध हेतूतूनच शुद्ध हेतू येतो. लो लिश्मा पासून लिश्मा. अट एकच, की आपण सध्या लो लिश्मात आहोत हे माहीत असावं आणि तिथून पुढे जायची ओढ असावी. ओढ नसेल तर लो लिश्मा म्हणजे नुसती सवय.

आता, स्वार्थ वाढल्यासारखा का दिसतो. तालमूदच्या सुक्का ग्रंथात एक वाक्य आहे: जो दुसऱ्याहून मोठा, त्याची वाईट प्रवृत्तीही त्याच्याहून मोठी. हे वाचून नवे लोक घाबरतात, पण यात दिलासा आहे. ज्याला अजून उचलायला येत नाही त्याच्यावर कोणी ओझं टाकत नाही. जेवढी दुरुस्तीची ताकद येते तेवढीच बिघडलेली इच्छा वर काढून दाखवली जाते. आधी तुम्ही बऱ्या होतात असं वाटतं, कारण तेव्हा बघायचा प्रकाशच नव्हता. या टप्प्याला आम्ही हकारात हारा म्हणतो, वाईटाची ओळख पटणं. हा टप्पा टाळून कोणी पुढे गेलेलं मी पाहिलेलं नाही. आणि जो म्हणतो की अभ्यास सुरू केल्यापासून मला शांत, निर्मळ वाटू लागलंय, त्याच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते.

पण ओळख पटणं आणि स्वतःला कुरतडत बसणं यांत फरक आहे, आणि रबाश यांनी त्यावर फार व्यवहारी उपाय दिला. आपली साधना दोन रेषांवर चालते. डावी रेष म्हणजे परीक्षण: मी कुठे आहे, कोणासाठी करतोय, किती कमी पडतोय. उजवी रेष म्हणजे जे मिळालंय त्याबद्दल कृतज्ञता, आणि मी माझ्या जागी पूर्ण आहे ही भावना. डाव्या रेषेला दिवसातून अर्धा तास द्यायचा. ठरवून, बसून, शक्यतो अभ्यासानंतर. बाकी सगळा दिवस उजव्या रेषेत. मधे स्वार्थ दिसला तर 'बघितलं, संध्याकाळी बघू' म्हणून बाजूला ठेवायचा. हे पळ काढणं नाही. दुःखी मनाने परीक्षण केलं की त्यातून स्वतःबद्दलची चीड निघते, आणि चीडसुद्धा 'मी'भोवतीच फिरते. तुम्ही लिहिलं आहे त्यात मला डावी रेषच दिसली, उजवी जवळपास नाहीच. हा बदल आजपासून करा. इतर काही नाही केलं तरी चालेल.

हसीदी परंपरेतल्या, म्हणजे यहुदी भक्तिचळवळीतल्या, लियादीच्या रव श्नेउर झल्मान यांनी १७९६ मध्ये छापलेल्या 'तान्या' या ग्रंथात हाच दिलासा वेगळ्या बाजूने दिला आहे. ज्याच्या मनात वाईट इच्छा येतात, पण जो त्यांना विचारात, बोलण्यात आणि कृतीत थारा देत नाही, त्याला ते बेनोनी, मधला माणूस म्हणतात. त्याच्या इच्छा आयुष्यभर जात नाहीत. ते स्पष्ट सांगतात की यावर खिन्न होऊ नकोस, कदाचित तू याच झुंजीसाठी जन्माला आला असशील. अश्लग यांची भाषा वेगळी, ते इच्छा उलटण्याबद्दल बोलतात. पण खिन्नता हा शत्रू आहे यावर दोघांचं एकमत आहे.

आता रोजच्या साधनेकडे. आरींच्या मंडळात सकाळच्या प्रार्थनेआधी एक गोष्ट तोंडाने म्हणायची पद्धत होती, आणि ती आजही अनेक सिद्दुरांमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकांमध्ये छापलेली असते: 'शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर ही आज्ञा मी स्वतःवर घेतो.' देवाशी बोलण्याआधी माणसाची आठवण. विताल लिहितात की विशेषतः एकत्र शिकणाऱ्यांनी एकमेकांना एकाच देहाचे अवयव समजावं. कोणाच्या घरी आजारपण असेल, मुलांची काही अडचण असेल, तर ती सगळ्यांनी आपल्या प्रार्थनेत घ्यावी. मी नव्यांना सगळ्यात आधी हेच देतो. सकाळी उठल्यावर, फोन हातात घेण्याआधी, एका माणसाची खरी गरज मनात आणायची. त्याचं नाव, त्याला काय हवंय, नेमकं. 'सगळ्यांचं भलं होवो' याने काही हलत नाही, कारण 'सगळे' कधी तुमच्या पुढ्यात येऊन पंखा बंद करत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसं. एकट्याने खोलीत बसून स्वार्थ दुरुस्त होत नाही, कारण तिथे तो दिसतच नाही. देवावर माझं प्रेम आहे असं मला सहज वाटू शकतं. देव उत्तर देऊन मला खोटं पाडत नाही. मित्र पाडतो. म्हणून रबाश यांनी गटाला एवढं महत्त्व दिलं, आणि गटाचे नियम साधे ठेवले: दुसऱ्याचे दोष बघायचे नाहीत, त्याला स्वतःहून मोठा मानायचा प्रयत्न करायचा, आणि त्याच्या चांगल्या ओढीतून आपण पेटून घ्यायचं.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे हे कसं चालतं ते जवळून दिसेल. आमच्याकडे शनिवारी दुपारी उशिरा शब्बातचं, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या पवित्र दिवसाचं, तिसरं जेवण एकत्र होतं, आणि शब्बात सुटल्यावर भांडी घासायची असतात. एका मित्राने एकदा सगळी भांडी एकट्याने घासली, ओटा पुसला, खुर्च्या लावल्या. पुढच्या शनिवारी बोलता बोलता कोणीतरी त्याच कामाबद्दल दुसऱ्याचे आभार मानले. हा गप्प बसला, पण आत जे उसळलं ते त्याने नंतर मला सांगितलं. 'मी देण्यासाठीच केलं होतं ना, मग हे कुठून आलं?' आम्ही बसून ते उलगडलं.

पहिलं काम झालेलंच होतं: तो बोलला नाही. ते त्सिम्त्सूम. उसळलेली इच्छा वापरली नाही. पण तिथे थांबलं तर ती नुसती गिळलेली चीड, उद्या दुसरीकडून बाहेर येणार. दुसरं, त्याने त्या इच्छेला नाव दिलं: मान हवा होता. 'मला न्याय हवा होता' असं त्याला आधी वाटत होतं, पण ज्याचे आभार मानले गेले त्याच्याबद्दल आनंद वाटत नव्हता, म्हणजे प्रश्न न्यायाचा नव्हता. तिसरं, आणि हे सगळ्यात अवघड, त्या दुसऱ्या मित्राकडे वळायचं. तो कसा मोठा आहे? तो आल्यापासून किती जणांना अभ्यासाला घेऊन आला, आजारी आई सांभाळून पहाटेच्या वर्गाला कसा येतो. हे खोटं कौतुक नसावं, खरं शोधावं लागतं, आणि शोधलं की सापडतं. चौथं, एवढं करूनही आतली कळ गेली नाही, हे त्याने मान्य केलं. आणि तेव्हा त्याच्याकडे मागण्यासारखं काहीतरी होतं.

या शेवटच्या पायरीशिवाय आधीच्या तिन्ही पायऱ्या म्हणजे चांगलं वागण्याचं शिक्षण, कबाला नव्हे. घेण्याची इच्छा स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. ती जे करेल ते स्वतःसाठीच करेल, अगदी 'मी निःस्वार्थी झालो' हेही तिच्या खात्यात जमा होतं. बदल वरून येतो. तालमूदमध्ये निर्माता म्हणतो: मी वाईट प्रवृत्ती निर्माण केली, आणि तिच्यावर मसाला म्हणून तोरा, म्हणजे यहुदी धर्मशास्त्र, दिली. मिद्राशमध्ये, म्हणजे धर्मग्रंथांवरच्या जुन्या टीकेत, म्हटलंय की तोरातला प्रकाश माणसाला चांगल्याकडे परतवतो. म्हणून आम्ही ग्रंथ वाचतो ते माहिती मिळवायला नाही. अश्लग 'दहा सेफिरोतचा अभ्यास' या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, १५५ व्या परिच्छेदात, सांगतात की जो वाचतोय त्याला समजत नसलं तरी समजून घेण्याच्या ओढीने तो स्वतःभोवतीचे प्रकाश जागे करतो, आणि ते त्याच्यावर काम करतात. वाचताना मनात भांड्यांची ती कळ असली पाहिजे. ती नसेल तर पानंच्या पानं वाचून डोकं भरतं, माणूस तसाच राहतो. तालमूदच्या ऋषींनी म्हटलंय, कोणी सांगितलं की मी कष्ट केले आणि मला सापडलं, तर त्याच्यावर विश्वास ठेव. कष्ट आपण एका जागी करतो, सापडतं भलत्याच वेळी. त्या मित्राच्या मनातून ती कळ कधी गेली हे त्याला सांगता आलं नाही. केव्हातरी त्या दुसऱ्याचं कौतुक ऐकताना आपण खुश झालोय हे त्याच्या लक्षात आलं, एवढंच.

गट जवळ नसेल, किंवा घरच्या माणसांबरोबरच सगळ्यात जास्त अडत असेल, तर त्यासाठी मी रव मोशे कोर्दोवेरो यांचं 'तोमेर द्वोरा' हे छोटं पुस्तक सुचवतो. ते आरींच्या आधीचे, त्स्फातचेच, १५७० मध्ये गेले. यात पार्त्सूफ वगैरेची किचकट चर्चा नाही. बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याच्या शेवटच्या ओळींमधून निर्मात्याचे १३ दयेचे गुण घेतलेत आणि माणसाने ते कसे उतरवायचे ते सांगितलंय. पहिलाच गुण ऐका. माणूस वाईट करायला हात उचलतो, त्या क्षणी त्या हाताला ताकद कोण देतं? निर्माताच. तो ती काढून घेऊ शकतो, पण घेत नाही. अपमान सोसतो आणि देणं चालू ठेवतो. कोर्दोवेरो म्हणतात, तूही तसंच कर: कोणी तुला दुखावलं तरी त्याला तुझ्याकडून जे मिळत होतं ते बंद करू नकोस.

सासूबाईंच्या बाबतीत हे लावून बघा. त्या काहीतरी बोलल्या. आपण भांडत नाही, सुसंस्कृत आहोत. पण संध्याकाळचा त्यांचा चहा जरा उशिरा होतो. औषधाची आठवण करायची राहते. आवाज थंड होतो. हे जे बारीक काढून घेणं आहे, ते पकडायचं. आठवड्यासाठी तेवढंच एक काम घ्या: बोलणं झालं तरी चहा वेळेवर. मनात प्रेम नसलं तरी चालेल. चहा पोचला की तुमचं आजचं काम झालं, आणि आत जी तक्रार उरली ती तुमच्या त्या अर्ध्या तासासाठी. एक मात्र स्पष्ट सांगतो, हे रोजच्या टोमण्यांबद्दल आहे. कोणी मारहाण करत असेल, छळत असेल, तर तिथे सोसणं ही साधना नाही. तिथून बाहेर पडा आणि मदत घ्या.

निष्काम कर्माचा प्रश्न. जवळीक आहे, आणि मराठी घरात वाढलेल्या माणसाला ही साधना त्यामुळे लवकर कळते. फळावरची नजर काढणं आणि इथला त्सिम्त्सूम, हे दोन्ही सुरुवातीला सारखेच वाटतात. पण इथे त्सिम्त्सूम हा मुक्काम नाही. पाहुण्याने नको म्हणून उठून जायचं नसतं, शेवटी जेवायचं असतं. म्हणजे आनंदही घ्यायचा, पुरेपूर घ्यायचा, पण यजमानासाठी. इच्छा जितकी मोठी तितकं त्याला देता येणारं समाधान मोठं, म्हणून इथे इच्छा विझवण्याला साधना मानत नाहीत. दोन वाटांपैकी कोणती वरची, यावर मी बोलणार नाही. माझं आयुष्य एकाच वाटेवर गेलंय. पण एकाच दिवशी सकाळी वैराग्य आणि संध्याकाळी मासाख असं करू नका. दोन्हींचा हिशेब वेगळा आहे, आणि गोंधळ होतो तो साधकाचा.

काही गोष्टींपासून जपून. कबालाच्या नावाने मनगटावर बांधायला लाल दोरे, मंतरलेलं पाणी, नशीब उघडणारी नावं विकली जातात. ज्याने 'मला मिळेल' एवढंच वाढतं त्याचा या साधनेशी संबंध नाही. त्याहून धोकादायक म्हणजे असा गट जिथे प्रत्येक प्रश्नाला 'हा तुझा अहंकार बोलतोय' असं उत्तर मिळतं. पैसे कुठे गेले हे विचारणं अहंकार नाही. घरच्यांशी संबंध तोडायला सांगणारा शिक्षक देण्याची इच्छा शिकवत नाही. आणि झोप उडाली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर ती 'वाईटाची ओळख' समजून बसू नका. डॉक्टरकडे जा. अभ्यास नंतरही करता येईल.

तुम्ही यहुदी नाही असं मी धरून चालतोय. त्यामुळे शब्बात, कोशेर (खाण्याचे नियम) वगैरे मित्सवोत, म्हणजे धार्मिक आज्ञा, तुमच्यावर बंधनकारक नाहीत, आणि ते पाळून साधना पुढे जाईल असंही नाही. शेजाऱ्यावरच्या प्रेमाचं काम मात्र कोणालाही करता येतं. अश्लग यांनी तर १९३३ च्या आपल्या लेखांत लिहिलं की ही दुरुस्ती शेवटी सगळ्या मानवजातीची आहे, एका लोकसमूहापाशी ती थांबू शकत नाही. कबाला ४० वर्षांखालच्यांनी शिकू नये ही जुनी मर्यादाही त्यांनी मानली नाही. सगळे ज्यू हे मान्य करतात असं नाही. उघड करावं की झाकून ठेवावं हा वाद पुण्यातही झाला आहे: १८८७ मध्ये तिथल्या अब्राहम डेव्हिड एझिकिएल नावाच्या बगदादी ज्यू गृहस्थांनी जोहारमधला 'इद्रा झुता' हा भाग अरबी भाषांतरासह छापला, आणि बगदादच्या धर्मगुरूंनी त्याला कडाडून विरोध केला.

वाचनाबद्दल शेवटचं. जोहारपासून सुरुवात करू नका. दृष्टान्तांची भाषा अंगवळणी पडली नसेल तर त्यातून लोक देवदूत आणि राक्षसांची चित्रं घेऊन बाहेर पडतात. पहिले काही महिने 'तोमेर द्वोरा'चं पहिलं प्रकरण, आठवड्याला एक गुण, असं घ्या. त्याच्या जोडीला रबाश यांचे गटाबद्दलचे सुरुवातीचे लेख. ते छोटे आहेत, आणि दोघी-तिघींनी मिळून वाचले तर उत्तम. वाचताना आदल्या दिवशीचा एक प्रसंग समोर ठेवा. अश्लग यांच्या 'मत्तान तोरा' या लेखाकडे त्यानंतर वळा, आणि दहा सेफिरोतच्या अभ्यासाकडे घाईने जाऊ नका. दोन महिन्यांनी पुन्हा लिहा. स्वार्थ कमी झाला का हे नका लिहू. सासूबाईंचा चहा वेळेवर होतो का, आणि तो अर्धा तास अर्ध्या तासातच संपतो का, ते लिहा.